फ्रान्सच्या आडवाटांवरील सायकलप्रवास

फ्रान्स आणि सायकल हीं दोन नांवें एकत्र आलीं, कीं बहुतेकांस 'तूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत आठवते. सन १९०३ मध्यें एका वृत्तपत्रानें आपला खप वाढविण्याकरितां ती सुरू केली, आणि दोन महायुद्धांचीं वर्षें वजा केलीं तर ती आजतागायत दर उन्हाळ्यांत भरत आली आहे. रस्त्याच्या दुतर्फा माणसांची दाटी, मोटारींचा ताफा, भोंग्यांचा गोंगाट आणि त्यांमधून वाऱ्यासारखे निघून जाणारे स्पर्धक, असें तिचें चित्र वर्तमानपत्रांतून व पडद्यावर आपण पाहतों. परंतु शर्यतीचे तीन आठवडे सोडले, आणि हमरस्ता टाकून उजवीडावीकडे फुटणारी पहिली अरुंद वाट धरली, तर तोच देश अगदीं निराळा दिसूं लागतो. तेथें अर्धा-अर्धा तास एकही मोटार भेटत नाहीं. चाकाखालीं सरकणाऱ्या बारीक खड्यांचा आवाज आणि शेतावरील चंडोलाचें गाणें एवढेंच कानांवर येतें. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या फ्रान्सविषयीं चार शब्द सांगण्याचा आमचा विचार आहे. त्या वाटा इतक्या निवांत कां आहेत, याचें कारण वाटतें तितकें साधें नाहीं.

प्रथम रस्त्यांची हकीकत पाहूं. फ्रान्समधील सर्व रस्त्यांची एकंदर लांबी दहा लाख किलोमीटरांहून अधिक भरते. त्यांपैकीं मोटारींचे द्रुतमार्ग आणि राष्ट्रीय मार्ग हे दोन्ही मिळून कसेबसे वीस-एकवीस हजार किलोमीटर होतील. बाकीचे सारे रस्ते जिल्ह्यांचे आणि गांवांचे. फ्रान्समध्यें 'कोम्यून' नांवाच्या सुमारें ३५,००० स्थानिक संस्था आहेत. आपल्याकडील ग्रामपंचायतीशीं त्यांची तुलना करतां येईल, मात्र त्यांचा आकार आपल्या मानानें फारच लहान. निम्म्याहून अधिक कोम्यूनांची लोकवस्ती पांचशेंच्या आंत आहे. अशा या चिमुकल्या गांवांच्या ताब्यांत सुमारें सात लाख किलोमीटर रस्ते आहेत. एवढे रस्ते त्यांनीं कसे बांधले असतील?

याचें उत्तर २१ मे १८३६ च्या एका कायद्यांत सांपडतें. या कायद्यानें गांवरस्ते बांधणें व राखणें हें प्रत्येक कोम्यूनचें कर्तव्य ठरविलें, आणि त्यासाठीं गांवकऱ्यांकडून वर्षास तीन दिवसांपर्यंत अंगमेहनत किंवा तिच्या बदल्यांत पैसा घेण्याची मुभा दिली. ज्याच्याजवळ गाडी व जनावरें असतील त्यानें तीं घेऊन यावें, ज्याच्याजवळ कांहीं नसेल त्यानें फावडें घेऊन यावें, असा प्रकार. शेतकऱ्यांनीं याविषयीं पुष्कळ कुरकुर केली असली पाहिजे. वेठीची आवड कोणत्या देशांत असते? परंतु त्या फावड्यांचा परिणाम असा झाला, कीं डोंगरातल्या तीन घरांच्या वाडीपर्यंतही पक्की वाट जाऊन पोंचली. आपल्याकडे जेथें पाणंद असती, तेथें त्यांच्याकडे खडीचा आणि पुढें डांबराचा रस्ता झाला. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत द्रुतमार्ग निघाले, तेव्हां लांब पल्ल्याची सारी वाहतूक तिकडे वळली, आणि हे लाखों किलोमीटर गांवरस्ते ट्रॅक्टर, टपालवाला व सायकलस्वार यांच्यासाठीं मोकळे राहिले.

हे रस्ते शोधून काढण्याचें साधन म्हणजे नकाशा. टायर बनविणाऱ्या मिशेलिन कंपनीनें १९१० सालापासून फ्रान्सचे जे नकाशे छापण्यास आरंभ केला, ते आजही सायकलस्वारांच्या खिशांत दिसतात. एका सेंटिमीटरास दोन किलोमीटर असें त्यांचें प्रमाण. मोठे रस्ते तांबड्या रंगाचे, त्यांच्या खालोखालचे पिवळे, आणि अगदीं लहान ते पांढरे. ज्यास निवांतपणा हवा त्यानें पांढरी रेघ धरावी, हा तिकडील पहिला धडा. रस्त्याच्या कडेनें हिरवी रेघ ओढलेली असली तर तेथील देखावा सुंदर आहे असें समजावें. रस्त्यावर बाणाच्या टोंकासारखी खूण असली तर तेथें चढ आहे. एक खूण म्हणजे शेंकडा पांचच्या वरचा चढ, दोन म्हणजे नऊच्या वरचा, आणि तीन खुणा दिसल्या म्हणजे शेंकडा तेराच्या वरचा. मोटार चालविणाऱ्यास या खुणांचें कांहींच वाटत नाहीं; सायकलवाला मात्र तीन खुणा पाहून आदल्या रात्रीं दोन घांस जास्त खातो.

शेंकडा सात चढ म्हणजे काय, हें विद्यार्थ्यांनीं थोडें हिशेबानें पाहावें. शंभर मीटर पुढें जातांना सात मीटर उंचीवर जावें लागतें, हा त्याचा अर्थ. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरलें, तर सपाट रस्त्यावर ताशीं २० किलोमीटर वेगानें जातांना वाऱ्याचा आणि टायरांचा जो विरोध होतो, त्याच्या चौपटीहून अधिक जोर या चढावर केवळ स्वतःचें वजन वर ओढण्यासाठीं लागतो. पायांत तेवढा जोर नसेल तर वेग कमी करावा. परंतु वेग कमी झाला कीं पायडल जड होतें, आणि शेवटीं उतरून चालावें लागतें. ही अडचण दूर केली ती गिअरनें. पुढील चक्रास ४८ आणि मागील चक्रास १६ दांते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत चाकाचे तीन फेरे होतात, म्हणजे सायकल सहा मीटरांहून थोडी अधिक पुढें जाते. तेंच दोन्हीकडे ३२ दांते केले, तर एका फेऱ्यांत सुमारें दोन मीटरच अंतर कटतें, पण पायास लागणारा जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

आज शाळकरी मुलांच्या सायकललाही गिअर असतात, म्हणून त्यांचें कोणास अप्रूप वाटत नाहीं. तथापि या सोयीसाठीं एका गृहस्थास जवळजवळ जन्मभर लेखणी झिजवावी लागली. त्याचें नांव पॉल द व्हिव्ही. 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें तो प्रसिद्ध आहे. जन्म १८५३ चा. सँतेत्येन या शहरांत त्याचा आरंभीं रेशमाचा व्यापार होता. तो सोडून त्यानें सायकलींचें दुकान काढलें आणि १८८७ सालीं एक सायकलविषयक मासिक सुरू केलें. शर्यतीचा त्यास तिटकारा होता. सायकल ही देश पाहण्याचें, शरीर राखण्याचें आणि मन ताजें ठेवण्याचें साधन आहे, असें तो सांगे. शहराबाहेर १,१६१ मीटर उंचीची एक खिंड आहे; तीवर तो आपल्या मित्रांसह निरनिराळ्या दांत्यांचीं चक्रें लावून पुनःपुन्हां चढे आणि कोणती योजना बरी ठरते तें मासिकांत लिही. भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें, थकून जेवणावरची वासना उडेल इतकें कधीं ताणूं नये, आणि केवळ दिमाखासाठीं कधीं जोर करूं नये, अशा अर्थाचे त्याचे नियम फ्रान्समधील सायकलप्रवासी आजही तोंडपाठ म्हणतात. तो शाकाहारी होता. रात्रभर सायकल चालवून सूर्योदय डोंगरावर पाहण्याची त्याची हौस म्हातारपणींही कमी झाली नाहीं. उलटपक्षीं 'तूर द फ्रान्स'चा जनक आंरी देग्रांज यास गिअर म्हणजे दुबळेपणा वाटे. त्यानें आपल्या शर्यतींत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रास १९३७ पर्यंत येऊं दिलें नाहीं. व्हेलोसिओ त्यापूर्वींच, १९३० सालीं, ट्रामच्या धडकेनें मरण पावला. आज त्याच खिंडींत त्याचें स्मारक उभें आहे. या वादांत कोण बरोबर होता हें ठरविण्यास विद्यार्थ्यांनीं आपल्याच सायकलकडे पाहावें.

सायकलवरून खेड्यापाड्यांत हिंडण्याचा हा नाद केवळ रिकामटेकड्यांचा नव्हता. रेडियमच्या शोधानें पुढें अमर झालेल्या मारी व पिएर क्यूरी यांचा विवाह जुलै १८९५ मध्यें झाला. विवाहाची भेट म्हणून आलेल्या पैशांतून त्यांनीं दोन सायकली घेतल्या आणि त्यांवरून खेड्यांतून फिरून आपला मधुमास साजरा केला. सामान्य कामगारांस मात्र असें सुख फार उशिरां लाभलें. जून १९३६ मध्यें तेथील सरकारनें प्रत्येक नोकरदारास वर्षांतून दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. ज्यांनीं आजवर आपल्या शहराची शीवही ओलांडली नव्हती, अशीं जोडपीं दोघांनीं चालविण्याच्या सायकलींवर बसून, पाठीमागें तंबू व तवा बांधून, समुद्राच्या वाटेस लागलीं.

आतां प्रत्यक्ष एक वाट घेऊं. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस केर्सी नांवाचा जुना प्रांत आहे. आजच्या लॉत जिल्ह्याशीं तो बव्हंशीं जुळतो. त्यांतील फिजाक या गांवाहून काओर या जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत, प्रथम सेले आणि नंतर लॉत या नद्यांच्या कांठानें जाणारा सुमारें ७० किलोमीटरांचा रस्ता आहे. धडधाकट माणूस तो एका दिवसांत सहज काटूं शकेल; परंतु आमच्या मतें त्यास तीन दिवस द्यावे.

फिजाक हें शांपोलियाँचें जन्मगांव. प्राचीन मिसर देशाची चित्रलिपि १८२२ सालीं ज्यानें उलगडली, तो हाच पंडित. ज्या शिलालेखानें त्यास किल्ली मिळवून दिली, त्याची एक अवाढव्य प्रतिकृति गांवांतील एका चौकांत फरशीसारखी पसरून ठेवली आहे, आणि लोक तिजवरून चालत जातात! गांव मागें टाकलें कीं सेले नदीचें खोरें लागतें. नदी लहान, पाणी हिरवट आणि संथ. एका बाजूस मका, अक्रोडाच्या बागा व कुरणें. दुसऱ्या बाजूस पिवळसर चुनखडीचे उभे कडे. कांहीं ठिकाणीं कडा रस्त्यावर इतका झुकलेला आहे, कीं सायकलस्वार नकळत मान खालीं घालतो. कड्यांच्या पायथ्यास टेंकून घरें बांधलेलीं. त्यांची मागील भिंत म्हणजे खुद्द डोंगरच. वाटेंत मार्सियाक येथें एक मोठा मठ लागतो. इंग्रज-फ्रेंचांच्या शतवार्षिक युद्धांत त्याची मोडतोड झाली. त्याच्या छप्पर नसलेल्या भागांत आतां गवत वाढलें आहे, आणि उरलेल्या भागांत अजून गांवाचें प्रार्थनामंदिर आहे.

पुढें काब्रेरे गांवाच्या वरच्या अंगास पेश मेर्लची गुहा आहे. विद्यार्थ्यांनीं हिची हकीकत अवश्य ध्यानांत ठेवावी. १९२२ सालीं आंद्रे दाविद आणि आंरी द्यूतेर्त्र या दोन शाळकरी वयाच्या मुलांनीं, गांवच्या पुराणवस्तुप्रेमी धर्मगुरूंच्या उत्तेजनानें, एका अरुंद फटींतून सरपटत जाऊन तिचा शोध लावला. आंत त्यांना काय दिसलें? भिंतीवर काळ्या ठिपक्यांचे दोन घोडे, भोंवतीं माणसांच्या हातांचे ठसे, आणि एके ठिकाणीं मऊ मातींत उमटून राहिलेलीं पावलें. त्या घोड्यांचें वय आज सुमारें २९,००० वर्षें मानतात. श्वासाच्या उष्णतेनें चित्रें बिघडूं नयेत म्हणून रोज ठराविक संख्येच्याच लोकांस आंत सोडतात, तेव्हां जाण्यापूर्वीं जागा राखून ठेवणें इष्ट.

खोऱ्याच्या दोन्ही अंगांस वर चढलें, कीं चुनखडीचें विस्तीर्ण पठार लागतें. त्यास तिकडे 'कोस' म्हणतात. आपल्या कोसाशीं त्याचा संबंध नाहीं, पण तेथें कोस-कोस माणूस दिसत नाहीं हें मात्र खरें. पाऊस पडला कीं पाणी फटींतून थेट खालीं जातें, त्यामुळें वर खुजे ओकवृक्ष, काटेरी झुडपें आणि पातळ गवत यांखेरीज फारसें कांहीं उगवत नाहीं. शेतांतून वेंचलेल्या दगडांचे गडगे मैलच्या मैल गेले आहेत; मधूनमधून चुन्याशिवाय रचलेल्या गोल दगडी खोपी दिसतात. या गडग्यांआड चरणाऱ्या मेंढ्यांच्या डोळ्यांभोंवतीं काळीं वर्तुळें असतात. साऱ्या कळपानें चष्मे लावले आहेत असा भास होतो. सेले व लॉत यांचा संगम झाल्यावर पलीकडील कड्यावर सँ-सिर-लापोपी हें गांव दिसूं लागतें. नदीपासून शंभर मीटर उंचीवर, कड्यास चिकटून बसलेल्या तांबूस कौलांचें हें गांव पाहण्यास जगांतून लोक येतात. तेथें पोंचल्यावर निवांतपणा मात्र संपतो, आणि उन्हाळ्यांत तर सायकल टेंकण्यास भिंत मिळत नाहीं. सुंदर म्हणून नांव झालें कीं शांतता गेली, हा अनुभव फ्रान्समध्यें नवा नाहीं.

काओर येथील चौदाव्या शतकांतील व्हालांत्रे पुलाविषयीं एक गंमतीची दंतकथा आहे. काम लवकर उरकावें म्हणून कारागिरानें सैतानाशीं करार केला, आणि शेवटचें काम म्हणून त्यास चाळणींतून पाणी आणावयास सांगितलें! फसलेला सैतान रागानें रोज रात्रीं मधल्या बुरुजाचा एक दगड काढून नेई. १८७९ मध्यें पुलाची डागडुजी करणाऱ्या वास्तुशास्त्रज्ञानें त्या जागीं सैतानाची लहानशी मूर्ति कोरलेला दगड बसविला. दगड ओढण्याची त्याची खटपट अजून चालूंच आहे.

असो. आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. लॉत जिल्ह्याची लोकसंख्या १८५१ सालीं सुमारें २ लाख ९६ हजार होती. आज ती पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. म्हणजे जेथें आज सायकलस्वारास एकांत लाभतो, तेथें आजोबा-पणजोबांच्या काळीं माणसांचा राबता होता. ते गडगे, त्या खोपी, त्या वाटा हें सारें त्या माणसांनींच केलें. १८७० नंतर द्राक्षवेलींच्या मुळांवर फिलोक्सेरा नांवाचा किडा पडला आणि काओरच्या परिसरांतील मळे उजाड झाले. लोक शहरांत किंवा परदेशीं गेले. रेल्वेनें जाण्याची सोय केली, कारखान्यांनीं बोलावून घेतलें. त्यावर पहिल्या महायुद्धाचा घाव बसला. त्या युद्धांत फ्रान्सचे सुमारें १४ लाख सैनिक कामास आले. जवळजवळ प्रत्येक गांवाच्या मध्यभागीं मृतांच्या नांवांचा एक स्तंभ आहे. पाणी पिण्यास थांबलेल्या प्रवाशानें तीं नांवें मोजावीं. मग भोंवतालचीं घरें मोजावीं. कित्येक ठिकाणीं नांवें घरांपेक्षां जास्त भरतात. ईशान्येकडील म्यूज नदीपासून नैर्ऋत्येपर्यंत देशाच्या अंगावरून गेलेल्या या विरळ वस्तीच्या पट्ट्यास तेथील भूगोलवेत्ते 'रिकामा कर्ण' असें नांव देतात. भूमितींतील कर्णच तो!

तेव्हां प्रवाशास जी शांतता वाटते, ती गांवकऱ्यास ओसाडी वाटूं शकते. मुलें कमी झालीं कीं शाळा बंद पडते. मग तीन-चार गांवें मिळून एक शाळा चालवितात, एका गांवांत लहान वर्ग तर दुसऱ्यांत मोठे, आणि मुलांना बसनें नेतात. पाव भाजणारा म्हातारा झाला आणि त्याची गादी चालविण्यास कोणी आलें नाहीं, कीं भट्टी विझते. पावाच्या दुकानाशिवाय फ्रेंच गांव म्हणजे पाराशिवाय आपलें गांव. शहरी लोकांनीं घेतलेल्या घरांच्या खिडक्या उन्हाळ्याचे दोन महिने उघडतात, एरवीं बंद. आम्हांस असें वाटतें, कीं या वाटांवरून जाणाऱ्यानें आपली शिदोरी शहरांतील मोठ्या दुकानांतून भरून आणूं नये. गांवांत जें उघडें असेल तेथें घ्यावी. सायकलवाला दिवसांतून चारदां खातो, आणि गांवच्या दुकानास असें गिऱ्हाईक मोलाचें असतें. बोर्गोन प्रांतांत १९९७ सालीं बंद पडलेल्या रेल्वेच्या जागीं जिव्री ते क्लूनी अशी सायकलींची वाट झाली. अशा वाटा देशभर वाढल्या, आणि त्यांच्या कडेच्या जुन्या स्टेशनांतून व घरांतून उतारूंच्या राहण्याजेवण्याची सोय होऊं लागली. परंतु सगळ्या गांवांजवळून जुनी रेल्वे किंवा कालवा जात नाहीं.

जाणाऱ्यास उपयोगी पडतील अशा दोन-चार गोष्टी सांगतों. तेथें वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात. चौकांत दुसरी खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्यास प्रथम जाऊं द्यावें लागतें, मग तो शेतांतील बोळांतून येणारा ट्रॅक्टर कां असेना. परक्या सायकलस्वारास हा नियम अपघात होईपर्यंत आठवत नाहीं, म्हणून मुद्दाम लिहिला. बारा वर्षांखालील मुलांस शिरस्त्राण सक्तीचें आहे, आणि वस्तीबाहेर रात्रीं चकाकणारें जाकीट घालावें लागतें. दुपारीं बारा ते दोन गांव जेवतें. त्या वेळीं दुकानें बंद, आणि सोमवारीं तर बहुतेक ठिकाणीं दिवसभर. पाणी संपलें तर गांवची दफनभूमि शोधावी. फुलांस घालण्यासाठीं तेथें नळ असतो, आणि पिण्यास अयोग्य अशी पाटी नसल्यास सायकलस्वार त्यावर आपली बाटली भरून घेतात. दुकानांत शिरतांना प्रथम 'बाँजूर' म्हणावें. तें न म्हणतां पदार्थ मागणें हा तिकडे उद्धटपणा समजतात. शरद ऋतूंत रविवारीं रानांत शिकारी असतात, तेव्हां भडक रंगाचे कपडे बरे.

या वाटांशीं आपल्या लोकांचा संबंध अलीकडे जुळूं लागला आहे. पॅरिसहून ब्रेस्त बंदरापर्यंत जाऊन परत येण्याचा सुमारें १,२०० किलोमीटरांचा उपक्रम १८९१ सालीं प्रथम झाला. तेव्हां शार्ल तेराँ यानें तो ७२ तासांच्या आंत पुरा केला, आणि त्याच्या चाकांना मिशेलिनचे नवे, काढतां-घालतां येणारे टायर होते. आज तो चार वर्षांतून एकदां होतो. ही शर्यत नव्हे. बहुतेकांस ९० तासांची मुदत असते. त्यापूर्वीं आपापल्या देशांत २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या फेऱ्या मुदतींत पुऱ्या कराव्या लागतात, आणि तशा फेऱ्या पुणें, मुंबई येथूनही निघतात. २०१९ व २०२३ सालीं शेंकडों भारतीय स्वार त्यांत होते. नॉर्मंडी व ब्रिटनी या प्रांतांतील लहानलहान गांवांतून ही वाट जाते. त्या चार रात्रीं तेथील लोक घराबाहेर टेबल मांडून, दिवा लावून, कॉफीची किटली घेऊन जागत बसतात. एका गांवांतील एक कुटुंब वर्षानुवर्षें प्रत्येक स्वारास फुकट कॉफी आणि गरम धिरडीं देत आलें आहे. मोबदला एकच मागतात: घरीं पोंचल्यावर आपल्या गांवाचें एक पोस्टकार्ड पाठवावें.